पाण्याखालचे ऊन

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एखादी काचेची पेटी असावी, तिच्या तळाशी बारीक वाळू, वाळूतून वर आलेली हिरवी पाती आणि त्या पात्यांच्या आडोशाने फिरणारे चारदोन लहान मासे असावेत, अशी हौस ज्याला होते तो गृहस्थ प्रथम पेटीचा विचार करतो, मग माशांचा, मग वाळू, दगड, शिंपले आणि बुडबुडे सोडणारा पंप यांची यादी करतो, आणि दिव्याचा विषय मात्र दुकानदार पैसे मोजून घेत असताना ‘आणि याला लाइट कुठला देता?’ एवढ्या एका प्रश्नात आटोपतो. दुकानदारही हाताशी असेल तो दिवा देऊन मोकळा होतो. मासे या हयगयीची फारशी तक्रार करीत नाहीत, कारण खायला मिळाले आणि पाणी स्वच्छ राहिले म्हणजे उजेडाच्या कमीअधिकपणाविषयी ते बरेच उदासीन असतात. परंतु वनस्पतीचा उजेड हाच आहार असल्यामुळे आहारात झालेली चूक ती पंधरवड्याच्या आत आपल्या पानांवर लिहून दाखविते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून आपल्याकडच्या दोनतीन पिढ्यांनी काचेआडचे मासे बोट दाखवून पाहिले. त्या माशांमागे काय उगवले होते, हे मात्र आठवून सांगणारा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे. मत्स्यपेटीत आपण मासेच पाहतो, आणि म्हणून दिवाही मासे दिसावेत एवढ्यापुरताच लावतो.

माझ्या स्वतःच्या पदरी आलेला अनुभव सांगतो. दोन फुटांची पेटी घरी आणली त्या वेळी तिच्या झाकणात जो किरकोळ दिवा होता त्याच्या उजेडात व्हॅलिस्नेरियाची लांब पाती महिन्याभरात पिवळी पडून विरघळली. यावर उपाय म्हणून मी दुकानातला सर्वांत मोठा दिवा खरेदी केला, आणि ‘झाडांना उजेड जितका जास्त तितका चांगला’ हे विक्रेत्याचे आश्वासन शिरसावंद्य मानून सकाळच्या चहाबरोबर सहा वाजता तो लावू लागलो व रात्री दहाला झोपण्यापूर्वी मालवू लागलो. तिसऱ्या दिवशी पानापानावर चांदीच्या मण्यांसारखे बुडबुडे धरले आणि ते दाखविण्यासाठी मी शेजारपाजाऱ्यांना बोलावून आणले. दहाव्या दिवशी काचेवर हिरवट साय आली. तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा रंग वाटलेल्या कोथिंबिरीसारखा झाला व मासे काचेला नाक लावतील तेव्हाच दिसू लागले. अशा वेळी, या छंदात केस पांढरे केलेले आमचे शेजारी आप्पा येऊन पेटीसमोर बसले.

“दिवा किती तास ठेवता?” त्यांनी विचारले.

“सोळा.”

“आणि खत? कर्बवायू?”

“ते कशाला, आप्पा?”

“अहो, मग एवढं ऊन लावलंत कशाला?”

त्यांच्या या प्रतिप्रश्नात या विषयाचे जवळजवळ सगळे शास्त्र आलेले आहे. पण ते मला कळावयाला पुढे वर्ष जावे लागले.

पानांवरचे ते मोत्यांसारखे बुडबुडे शास्त्राच्या इतिहासात फार प्रतिष्ठित आहेत. व्हिएन्नाच्या दरबारात राजवैद्य असलेले यान इंगेनहाउझ नावाचे डच वैद्य इंग्लंडमध्ये असताना त्यांनी हिरवी पाने पाण्याने भरलेल्या काचपात्रांत बुडवून उन्हात ठेवली, तेव्हा पानांच्या अंगावर बुडबुडे उमटले. पात्र सावलीत नेले तेव्हा ते थांबले. वनस्पती हवा शुद्ध करते हे जोसेफ प्रीस्टली यांनी आधी दाखविलेच होते, पण ती हे काम केवळ उजेडात करते, केवळ हिरव्या भागांनी करते आणि अंधारात उलट हवा दूषित करते, हा तपशील १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या इंगेनहाउझ यांच्या ग्रंथाने जगापुढे मांडला. पुढे १८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचपात्रात दोन सोनमासे, थोडे व्हॅलिस्नेरिया आणि कुजकी पाने फस्त करणाऱ्या काही गोगलगाई एकत्र ठेवून असे दाखवून दिले, की योग्य बेताने मांडणी केल्यास प्राणी व वनस्पती एकमेकांचा निर्वाह चालवितात. तीनच वर्षांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पाण्याची पेटी ही विलायतेतल्या मध्यमवर्गाची फॅशन होऊन बसली. त्या काळी दिव्याचा प्रश्नच नव्हता. पेटी खिडकीत ठेवावी आणि बाकीचे सूर्यावर सोपवावे, हा दस्तूर होता.

हा दस्तूर आपल्या मुलखात चालत नाही, आणि याचे कारण ज्योतिषाचे आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत घरात ऊन येतच नाही. तोच सूर्य मार्गशीर्ष-पौषात दक्षिणेकडे कलला म्हणजे त्याच खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत पसरते. वैशाखात विचारपूर्वक निवडलेली जागा पौषात घात करते ती अशी, आणि पेटीचा मालक पाण्यात काय बिघडले म्हणून पाणीच बदलत बसतो. शिवाय ज्या खिडकीत उन्हाळ्यात थेट ऊन येते तेथे पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून पेटी खिडकीपासून दूर, घरातल्या मध्यम उजेडात ठेवून तिला तिचा स्वतंत्र दिवा द्यावा, हीच तजवीज शहाणपणाची. ज्या उन्हावर आपला अंमल चालतो तेच ऊन पेटीच्या कामाचे.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळतो. उजेड पानावर पडला की तो पानाकडून कामाची वसुली सुरू करतो. काम म्हणजे साखर तयार करणे, आणि त्यासाठी पानाला कर्बवायू लागतो, नत्र, स्फुरद, पालाश लागतात, चिमूटभर लोह लागते. जमिनीवरच्या झाडाला कर्बवायूची ददात पडत नाही, कारण तो हवेतून वाहत येऊन पानाला भिडतो. पाण्यात मात्र हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे बुडालेले पान आपल्या भोवतालचा साठा चटकन संपवून उपाशी बसते. जुन्या अमदानीतल्या एखाद्या कडक मामलेदाराने सारा दुप्पट केला पण तगाई दिली नाही, बी दिले नाही, विहिरीला कर्ज दिले नाही, तर रयत शेत टाकून परागंदा होते आणि पडीक जमिनीवर रान माजते, तसाच प्रकार येथे घडतो. पाने थकतात, पारदर्शक होऊन गळतात, आणि ज्याला फारसे काहीच लागत नाही ते शेवाळ मोकळ्या झालेल्या उजेडावर आपला हक्क सांगते. सर्वांत तुटपुंजी असलेली गोष्ट पिकाची मर्यादा ठरविते, हा नियम शेतकीच्या पुस्तकांत लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, जरी तो त्यांच्या आधी श्प्रेंगेल यांनी सांगितला होता. मत्स्यपेटीत त्या नियमाचा अर्थ इतकाच की उजेड हा देण्याचा पहिला हप्ता आहे, आणि उरलेले हप्ते फेडण्याची ऐपत नसेल त्याने पहिलाही बेतानेच द्यावा.

बेत ठरवायचा तर मोजमाप हवे, आणि येथे एक मोठी गफलत होते. दिव्याच्या खोक्यावर जे ल्यूमेन छापलेले असतात ते माणसाच्या डोळ्याचे माप आहे. आपला डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींना, सर्वांत जास्त दाद देतो. पानाची आवड तशी नाही. थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८२ साली सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका तंतूवर इंद्रधनुष्याचे रंग ओळीने पाडले व त्या पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जंतू सोडले, तेव्हा ते जंतू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी गर्दी करून बसले. एखाद्या यंत्राखेरीज, नुसत्या जंतूंच्या गर्दीवरून उजेडाचा हिशेब मांडणारा इतका देखणा प्रयोग मला दुसरा ठाऊक नाही. मात्र या प्रयोगाचा आधार घेऊन जे जांभळ्या उजेडाचे दिवे ‘खास झाडांसाठी’ म्हणून विकले जातात, त्यांच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पान हिरवा प्रकाश परतवते म्हणून हिरवे दिसते हे खरे, पण परतवते ते त्यातला थोडा भाग; पुष्कळसा हिरवा प्रकाशही ते वापरते. शिवाय त्या जांभळ्या उजेडात मासे आजारी दिसतात आणि घर एखाद्या स्वस्त नाटकाच्या रंगमंचासारखे.

झाडाच्या उपयोगाचा उजेड मोजण्याचे खरे माप म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यानचे किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात ते. त्याचा आकडा मायक्रोमोलमध्ये देतात. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. त्या मानाने आपल्या पेटीची गरज किती माफक! तळाच्या वाळूपाशी वीस-तीस मायक्रोमोल पोचले तरी सोशिक वनस्पती तगतात, पन्नास-साठावर बहुतेक सगळ्या सुखाने वाढतात, आणि शंभराच्या पुढे गेले की कर्बवायूची नळी व रोजच्या खताचा रतीब यांवाचून गत्यंतर राहत नाही. हे मोजण्याचे यंत्र महाग असल्यामुळे हौशी लोक ल्यूमेनचाच ढोबळ आडाखा वापरतात, आणि साध्या पांढऱ्या दिव्यापुरता तो चालतो: दर लिटर पाण्याला पंधरा-वीस ल्यूमेन म्हणजे मंद, तीसच्या आसपास मध्यम, चाळीसच्या वर प्रखर. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व छत्तीस उंच अशा पेटीत वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पन्नास-पंचावन्न लिटर पाणी मावते. चांगला एलईडी दर वॅटला शंभराच्या आसपास ल्यूमेन देतो. म्हणजे दहा-अकरा वॅटचा दिवा हे मंद उजेडाचे व सोळा-अठरा वॅटचा हे मध्यम उजेडाचे मान झाले. मी आणला होता तो चाळीस वॅटचा होता.

खोक्यावरचा दुसरा आकडा केल्विनचा. त्याने उजेडाची छटा कळते: पिवळ्या बल्बचे २७०० केल्विन, भर दिवसाच्या उजेडाचे सुमारे ६५००. वनस्पती या आकड्याविषयी मनुष्याइतकी चोखंदळ नाही. ६५०० च्या आसपासचा दिवा घ्यावा तो मुख्यतः आपल्याला पाने हिरवी आणि मासे मूळ रंगाचे दिसावेत म्हणून.

दिव्यांच्या जातींविषयी आता फार बोलण्याचे कारण उरलेले नाही. चोक आणि स्टार्टर असलेल्या जुन्या ट्यूबांवर या छंदाची कित्येक वर्षे गेली. टी-८ म्हणजे आठ अष्टमांश, अर्थात एक इंच जाडीची, आणि टी-५ म्हणजे पाच अष्टमांश इंच जाडीची, हे हिशेब त्या काळी आम्हांला तोंडपाठ असत. या ट्यूबांचा उजेड डोळ्याला न कळेल अशा बेताने उतरत जातो, म्हणून बरेच जण वर्षाकाठी त्या बदलून टाकीत. जपानच्या निइगाता प्रांतातले छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी १९८२ साली आपली संस्था काढून पेटीत डोंगर, माळ आणि जंगले उभी करण्याची जी शैली जगभर रूढ केली, ती पेटीवर टांगलेल्या तापट मेटल हॅलाइड दिव्यांखाली बहरली. त्या दिव्यांना आता बाजूस सारणाऱ्या पांढऱ्या एलईडीच्या मुळाशी निळा एलईडी आहे, कारण निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या लेपातून नेला की पांढरा उजेड मिळतो. आणि या निळ्या दिव्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत एकाचे नाव हिरोशी आमानो. एका आमानोंनी पेटीतली बाग दिली व दुसऱ्या आमानोंनी तिच्यावरचा दिवा, असा हा आडनावाचा योगायोग मला फार आवडतो. पहिले आमानो २०१५ साली वारले. शेवाळ खाणाऱ्या एका चिमुकल्या कोळंबीला आज जगभरचे हौशी लोक त्यांच्याच नावाने ओळखतात.

दिवा घरी आला म्हणजे तो पेटीच्या लांबीइतका असावा, एका टोकाला अंधार राहू नये, आणि शक्य तर वरखाली सरकविता यावा. उजेड जास्त वाटला तर दिवा बदलण्याऐवजी तो चारसहा इंच उचलावा; तेवढ्याने तो पुष्कळ पसरतो व सौम्य होतो. दिव्याखाली काचेचे झाकण असेल तर ते आठवड्यातून एकदा पुसावे, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग त्या काचेवर साचत जातात आणि विकत घेतलेल्या उजेडातला बराचसा वरच्या वर अडवितात. लिंबाच्या फोडीने ते निघतात. विजेच्या बाबतीत मात्र काटकसर किंवा आळस यांपैकी कशालाही थारा देऊ नये. दिव्याची वायर भिंतीतल्या प्लगकडे नेताना ती प्लगच्या खाली एकदा लोंबती ठेवावी आणि मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा पाण्याचा थेंब त्या झोळातून जमिनीवर पडेल, प्लगात शिरणार नाही. अर्थिंगची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे.

पेटीच्या दिवसाची लांबी ठरविताना निसर्गाचा दाखला देऊन बारा तास मुक्रर करणारे पुष्कळ भेटतात. पण निसर्गात सकाळ-संध्याकाळचा सूर्य तिरपा असतो, त्याचा बराच उजेड पाण्याच्या पृष्ठावरून परत फिरतो, आणि आपला दिवा मात्र बटण दाबल्या क्षणापासून भर दुपारच जाळीत बसतो. नव्या पेटीला पहिले तीनचार आठवडे सहा तास, झाडांनी मूळ धरल्यावर आठ तास, याहून अधिकाची गरज मला तरी कधी पडली नाही. हे तास माणसाच्या लहरीवर सोपवू नयेत. प्लगात बसणारा टायमर फार महाग नसतो, आणि जो गृहस्थ कार्यालयातून रोज निराळ्या वेळी परततो त्याच्या पेटीला तर तो दिव्याइतकाच आवश्यक. मी माझ्या पेटीचे आठ तास दुपारी एक ते रात्री नऊ असे ठेवले आहेत, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर चार घटका समोर बसता येते. विजेच्या बिलाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही: वीस वॅटचा दिवा आठ तास जळला तर महिन्याला पाचसुद्धा युनिट होत नाहीत.

उजेड मंद ठेवायचा ठरविलेत तर झाडेही तशीच निवडा. आफ्रिकेतले अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरिनच्या बहुतेक जाती जंगलातल्या ओढ्यांच्या सावलीत वाढलेल्या असल्यामुळे त्यांना थोडक्यात समाधान आहे. अनुबियासला प्रखर उजेड दिला तर त्याची सावकाश वाढणारी पाने शेवाळाला आयतीच बसायला मिळतात. मध्यम उजेडासाठी आपल्या आजीबाईंच्या बटव्यातली ब्राह्मी, जिला दुकानात बॅकोपा या नावाने चढ्या दराने विकतात, ती उत्तम. पाण्याखाली ती सरळसोट उभी वाढते आणि सहसा रुसत नाही. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रांगांतून जगभर गेलेली रोटाला मॅक्रँड्रा ही मात्र मानी आहे: भरपूर उजेड, भरपूर कर्बवायू आणि मऊ पाणी मिळाले तर गुलालासारखी लाल होते, नाहीतर तळाची पाने टाकून काड्या दाखविते. नवख्याने तिच्या नादी लागू नये. आणि काससारख्या पठारांवरच्या पावसाळी डबक्यांत उगवणारा, साताऱ्याचे नाव धारण करणारा वायतुरा पेटीसाठी उपटून आणण्याचा मोह तर कोणीच धरू नये. तो त्या कातळाचा आणि तिथल्या चार महिन्यांच्या पाण्याचा आहे, आणि त्याची संख्या आधीच थोडी आहे.

उजेड बरोबर आहे की नाही हे शेवटी पानेच सांगतात. दोन पेऱ्यांमधले अंतर वाढून झाड किडमिडे उंच होऊ लागले, खालची पाने गळू लागली, तर उजेड कमी आहे. काचेवर दर दोन दिवसांनी हिरवी साय धरू लागली, पानांच्या कडांना काळे केस फुटू लागले, तर तो अन्नाच्या मानाने जास्त आहे. दोन्ही वेळा बदल एकच आणि थोडा करावा, वेळ तासाभराने कमी किंवा जास्त करावी नाहीतर दिवा एक मूठ वर किंवा खाली सरकवावा, आणि दोन आठवडे हात बांधून बसावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. आप्पांनी माझा दिवा दहा इंच उचलून सहा तासांवर आणला, तीन दिवस पेटीवर चादर घातली, अर्धे पाणी बदलले, आणि मला एक महिना पेटीत हात घालण्याची मनाई केली. दुसऱ्या पंधरवड्यात पाणी निवळले, आणि व्हॅलिस्नेरियाच्या बुंध्यातून नव्या पात्या बाहेर आल्या.

रात्रीच्या बाजूचाही थोडा विचार हवा. अंधारात वनस्पतीही प्राणवायूच वापरतात, म्हणून दाट लागवडीच्या पेटीत पहाटे तो सर्वांत कमी असतो, आणि मासे पृष्ठाशी तोंड काढताना दिसले तर रात्रभर पंप चालू ठेवावा. काळोख्या खोलीत दिवा एकदम लावला तर मासे बिचकून काचेवर आपटतात. खोलीतला दिवा आधी लावावा व पेटीचा पाच मिनिटांनी. झाडांना मात्र अशा सूचनेची गरज भासत नाही असे दिसते. माझ्या पेटीतला दिवा टायमर बरोबर नऊला मालवतो. पण मागच्या ओळीतल्या लिम्नोफिलाचे शेंडे साडेआठलाच मिटलेले असतात.